उजव्या स्पीकरची वायर

रागिणीने दिवाणाच्या मागे अंग घुसवलं, उजव्या स्पीकरच्या पाठीवरची लाल क्लिप अंगठ्याने दाबली आणि वायरीचं टोक उपसलं. न्हाणीघरात अजून पाणी पडत होतं. भगवंतराव, तिचे सासरे, उन्हाळ्यात संध्याकाळी दुसरी आंघोळ करत. दिवसभरात हॉल रिकामा असण्याची तेवढीच काय ती वेळ. तिने काळ्या क्लिपमधलं टोकही काढलं. लाल चिकटपट्टी गुंडाळलेली तार काळ्या क्लिपमध्ये घातली, बिनपट्टीची लाल क्लिपमध्ये, आणि झाडू वर धरून कोपऱ्यातून बाहेर आली. तर समोर सासू.

"काय करून राह्यली तिथं?"

"जाळं होतं, आत्याबाई."

"काल त काढलं मी." वच्छलाबाईंनी छताकडे पाहिलं, मग सुनेच्या कपाळाकडे. "घामाघूम झाली. कूलर त लाव."

रागिणीने कूलर लावला. 

उद्या गुरुवार. उद्या दुपारी बारा वाजता अमरावतीत, राजकमल चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिला बोलावलं होतं. लग्नाआधी तिने अकोल्यात हेच काम केलं होतं. बार्शीटाकळीहून रोज एसटीने जायची, लोकांचं रक्त काढायची, काचपट्ट्या रंगवून तपासायची. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी पोरं रडायची वाट पाहत बसत. लग्न ठरताना कामाचा विषय निघाला तेव्हा सासरकडून 'पाहू पुढं' असं उत्तर आलं. 'पाहू पुढं'चा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाहणं अजून चालूच होतं.

तिने विचारलं नव्हतं असं नाही. नवरा चंदन रेल्वेत, मालगाड्यांवर. महिन्यातले निम्मे दिवस तो भुसावळकडेच. तो म्हणाला, "बाबाले विचार." बाबांना विचारलं तर ते पेपराच्या आडून म्हणाले, "घरात काय कमी हाये?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, उठून भांडी घासायला घ्यायची असतात. तिने घेतली.

न सांगता जाणं, हा दुसरा मार्ग. पण बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या त्या घराला बाहेर पडायला एकच दार होतं, ते हॉलमधून, आणि त्या दाराला खेटून भगवंतरावांची खुर्ची. सकाळच्या चहापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत ते तिथेच. रेल्वेच्या नोकरीत ते गार्ड होते. निवृत्त होताना त्यांनी झेंड्या आणि दिवा जमा केला, पहारा मात्र घरी घेऊन आले. भाजीची गाडी आली म्हणून निघालं तरी "कुठं?" कचरा टाकायला निघालं तरी "कुठं?" दळणाचा डबा डोळ्यांसमोरून नेला तरी "कुठं?" आपण मेलो आणि तिरडी दारातून निघाली, तरी हा माणूस विचारल्याशिवाय सोडणार नाही, असं रागिणीला वाटे. एकदा ती हे चंदनला बोलली. तो हसला. त्याला हसायला काय जातं, तो निम्मा महिना बाहेर.

ह्या कोंडवाड्याची कडी तिला मागच्या दिवाळीत सापडली, तीही चुकून.

भगवंतरावांचा जीव दोन गोष्टींत होता. एक त्यांचे स्वतःचे कान आणि दुसरी त्यांची म्युझिक सिस्टीम. लाकडी पेटीचे दोन मोठे स्पीकर, एक दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यात, दिवाणामागच्या उंच स्टुलावर. मध्ये टेबलावर जुना वजनदार ॲम्प्लिफायर, ज्याला घरात सगळे 'मशीन' म्हणत. रोज सकाळी सात वाजता कूलर बंद, पंखा बंद. खुर्ची दारापासून उचलून हॉलच्या मध्यावर यायची. मग जुनी पदं आणि भजनं लागायची आणि बाकीच्यांनी घाम गाळत गप्प राहायचं.

"आवाज मधात पाह्यजे," ते दोन स्पीकरांच्या मधल्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत. "बाई तिथं उभी राहून गाऊन राह्यली, असं वाटलं पाह्यजे. नाही वाटलं त समजा काही तरी बिघडलं."

दिवाळीच्या साफसफाईत रागिणीने उजव्या स्पीकरची वायर काढली, मागची भिंत पुसली आणि वायर परत लावली. कोणतं टोक कुठे, हे तिने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपुढची बाई नाहीशी झाली. तबल्याचा दम गेला, आवाज कुठून तरी लांबून, रिकाम्या पिंपातून आल्यासारखा येऊ लागला. एकेका स्पीकरला कान लावला तर ठीक आणि दोन्ही मिळून ऐकलं तर पोकळ. भगवंतरावांनी मशीन उलटीपालटी करून पाहिली, दोन घास कमी जेवले, आणि दुसऱ्या दिवशी ती लेकरासारखी शालीत गुंडाळून सकाळच्या गाडीने अकोल्याला नेली. अमरावतीत दुरुस्तीवाले नव्हते का? होते. पण भगवंतरावांच्या मते त्यांना मोबाइलची काच बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. मशीनला हात लावायचा तो अकोल्याच्या नत्थुजीने.

ते गेले आणि घटकाभरात वच्छलाबाईही जुन्या वस्तीत बहिणीकडे, मैनाबाईकडे गेल्या. मैनाबाईचा फुलांच्या हारांचा धंदा. त्या हार ओवत बसल्या की दिवस कसा जातो ते दोघींनाही कळत नसे. लग्नानंतर पहिल्यांदाच रागिणी घरात एकटी उरली. तिने पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसून चहा घेतला. रस्त्यावरून एक गाढव गेलं. तेही तिला फार आवडलं.

मग तिने मोबाइलवर शोधलं. एका पोराने व्हिडिओत समजावून सांगितलं होतं, की दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत आणि एकाच वेळी मागे जायला हवेत. एकाची वायर उलटी लागली की हा पुढे येतो तेव्हा तो मागे जातो, आणि एकाने दिलेलं दुसरा खाऊन टाकतो. मोडत काही नाही, जळत काही नाही. रागिणीने दिवाणामागे जाऊन वायर सरळ केली. संध्याकाळी भगवंतराव आले, मशीन जोडली, आणि बाई पुन्हा भिंतीपुढे येऊन उभी राहिली.

"नत्थुजी म्हणते, काही खराबी नाही," ते वच्छलाबाईंना म्हणाले. "पाहा. केलेलं काम बोलून दाखवत नाही. मोठा माणूस."

त्या दिवसाची चव रागिणीच्या जिभेवर राहिली. संक्रांतीच्या आधी तिने तीच चूक मुद्दाम केली. नत्थुजीला पुन्हा काही खराबी सापडली नाही आणि त्याचा मोठेपणा आणखी वाढला. ती त्या दिवशी अमरावतीत जाऊन दोन-तीन लॅबमध्ये विचारून आली.

माघात मात्र सगळंच आवळलं. भगवंतराव रोज पहाटे स्टेशनपर्यंत फिरायला जात. एक दिवस तिथेच फलाटावर त्यांना चक्कर आली. ओळखीच्या हमालांनी रिक्षात घालून घरी आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि फिरा म्हणून सांगितलं, पण डॉक्टरांचं कोण ऐकतं? वच्छलाबाईंनी आणि चंदनने मिळून फर्मान काढलं, की फिरणं बंद, स्टेशन बंद, फाटकाबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. वच्छलाबाई तर ते न्हाणीघरात जास्त वेळ राहिले तरी दारावर थाप मारत. सवलत राहिली ती एकच, मशीन बिघडली तर अकोला. तिथे मात्र त्यांनी कोणाचं चालू दिलं नाही. रागिणीच्या दृष्टीने ह्या सगळ्याचा अर्थ एवढाच होता, की पहाटेचा तासही गेला आणि खुर्ची आता दारातून हलायची नाही.

आणि नेमकी फाल्गुनात मशीन आपोआप बिघडली. रागिणीने हातही लावला नव्हता. देवाला काळजी, असं ती म्हणाली आणि त्या दिवशी राजकमलजवळच्या लॅबमध्ये नाव देऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याशी बराच वेळ बोलल्या. परवा त्यांचाच फोन आला, की गुरुवारी या. येणार नसाल तर तसं सांगा, आणखी एक मुलगी तयार आहे.

"येते," रागिणी पटकन म्हणाली होती. स्वयंपाकघरात, नळ मोठा सोडून.

गुरुवारी सात वाजता कूलर बंद झाला. रागिणी कणीक मळत होती आणि तिचे कान हॉलमध्ये होते. खुर्ची सरकली. बटण वाजलं. आता आलाप सुरू होईल, मग थोडी शांतता, मग 'वच्छला, ऐक वो जरा' अशी हाक येईल. साडेआठची गाडी त्यांना सहज मिळेल. साडेनऊपर्यंत सासू बहिणीकडे जाईल. मग आंघोळ, साडी, रिक्षा. तिने सगळं मनात बसवून ठेवलं होतं.

आलाप सुरू झाला. हाक आली नाही.

तिने हात थांबवले. आवाज भरीव होता. तबला पोटात वाजत होता. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली, कारण बाई तिथेच होती, कोऱ्या भिंतीपुढे, अगदी मध्यावर. इतक्या स्पष्ट उभ्या असलेल्या त्या बाईचा रागिणीला मनस्वी राग आला.

भगवंतराव डोळे मिटून बसले होते. तिने कप टेबलावर ठेवला, फरशी पुसायचं फडकं आणलं आणि पुसत पुसत दिवाणामागे गेली. गाणं चालू असताना कोणी फरशी पुसली तर ते एरवी घर डोक्यावर घेत. आज काही बोलले नाहीत. तिने मान वाकडी करून पाहिलं. लाल पट्टीची तार काळ्या क्लिपमध्ये होती. काल लावली तशीच. टोक निसटलेलं नव्हतं, तुटलेलं नव्हतं.

मग पोकळ का येत नाही?

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. व्हिडिओतल्या त्या पोराने शेवटी जाता जाता सांगितलेलं तिला आठवलं. दोन्ही वायरी उलट्या लागल्या तर काही कळणार नाही. दोघेही एकदमच मागे, दोघेही एकदमच पुढे. आवाज पुन्हा जागेवर.

ती फडकं ओढत ओढत भगवंतरावांच्या पाठीमागून दारापर्यंत गेली. चपलांच्या कपाटाखालून हात फिरवल्यासारखं केलं आणि उठताना डाव्या स्पीकरच्या मागे नजर टाकली. लाल पट्टीची तार काळ्या क्लिपमध्ये.

चंदन चार दिवसांपासून भुसावळला. घरात माणसं तीन. ती स्वयंपाकघरात परत आली तेव्हा वच्छलाबाई फोडणीच्या पोह्यांचं पातेलं उतरवत होत्या.

"आत्याबाई, तुमी स्पीकरमांगचं पुसलं का आज?"

"मी काहून पुसू? त्याले बोट लावलं का तुया सासऱ्याच्या जिवाले लागते." त्यांनी झाकण ठेवलं. "तू पुसून आली ना आत्ता? गानं चालू असताना? काही बोलले नाईत?"

"नाही."

"तब्येत बरी हाये ना त्यायची?" वच्छलाबाई पदराला हात पुसत लगोलग हॉलकडे निघाल्या.

रागिणी त्यांच्या मागे गेली आणि तिने पहिल्यांदाच सासऱ्यांकडे नीट पाहिलं. एरवी सात वाजता ते बंडीत असत. आज अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. दाढी झाली होती. खिशातून रेल्वेच्या पासाचं निळं कव्हर डोकावत होतं. खुर्चीच्या पाठीवर शाल होती, घडी घातलेली, वैशाखात. आणि त्यांचे डोळे आता मिटलेले नव्हते. ते डाव्या स्पीकरकडे पाहत होते. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो तसे.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

तिला आधी रागच आला. चार वर्षं ज्याने दारात बसून 'कुठं, कुठं' करून जीव नकोसा केला, तोच चोर? मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत गेली. नत्थुजी. आयुष्यभर स्पीकर दुरुस्त केलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं असणार आणि त्याने सांगितलंही असणार, की भाऊ, मशीन चांगली आहे, घरी जाऊन वायर पाहा. फाल्गुनात मशीन आपोआप बिघडली होती, ती पहाटेचं फिरणं बंद झाल्यावर. गुडघ्यामुळे त्यांना दिवाणामागे शिरता येत नाही, पण चपलांच्या कपाटावरचा स्पीकर खुर्चीत बसल्या बसल्या हाताला लागतो. आणि खुर्ची दारालाच का? पहाऱ्यासाठी, असं ती समजत होती. पण घरात बाहेरच्या सगळ्यांत जवळची जागाही तीच होती. अख्खी नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, उघड्या रानातून, आणि आता बायको न्हाणीघराच्या दारावर थापा मारते. रागिणीला त्यांची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाही राग आला.

"आज काय झकास येऊन राह्यला आवाज," वच्छलाबाई म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना हायसं वाटलं होतं. "नाही?"

"हं," भगवंतराव म्हणाले.

"असाच राहो बाप्पा. त्या अकोल्याच्या चकरा नको. मागच्या खेपी तुमी येईपर्यंत माया जिवात जीव नव्हता."

"हं."

त्यांना आवाज बिघडला आहे असं नुसतं म्हणायचं होतं, पण भिंतीपुढची बाई त्यांना सगळ्यांत आधी दिसत होती आणि आपल्या कानांविषयी ते खोटं बोलू शकत नव्हते. त्यांनी आवाज वाढवला, कमी केला. उठून डाव्या स्पीकरजवळ गेले. हात त्याच्या मागे गेला आणि वच्छलाबाई पाहत आहेत हे दिसताच परत आला. ते पुन्हा खुर्चीत बसले. बाहेर एक मालगाडी लांब शिटी देत स्टेशनाकडे गेली आणि त्यांनी मान तिकडे वळवली.

आणखी दोन पदं झाली की ते मशीन बंद करतील. शर्ट बदलतील. खुर्ची दाराकडे जाईल. बारा वाजतील आणि राजकमलजवळच्या त्या खोलीत दुसरी मुलगी जाऊन बसेल.

"मामाजी," रागिणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आवाज पोकळ वाटते."

वच्छलाबाईंनी वळून पाहिलं. "काय पोकळ? चांगला त येऊन राह्यला. चार वर्षांत कधी ऐकायले बसली का तू?"

भगवंतराव हलले नाहीत. ते समोर भिंतीकडेच पाहत राहिले. गाणाऱ्या बाईने एक लांब तान घेतली आणि अलगद समेवर आणून ठेवली.

"कोण्या बाजूचा?" त्यांनी विचारलं.

उजव्या बाजूचा म्हटलं तर आपली चोरी कबूल. डाव्या बाजूचा म्हटलं तर सासऱ्यांना सासूसमोर चोर ठरवलं. पायाखालची फरशी अजून ओली होती आणि त्या ओलीवर तिची पावलं उमटली होती, दिवाणामागच्या कोपऱ्यापासून थेट चपलांच्या कपाटापर्यंत.

"दोन्हीकडचा," ती म्हणाली.

भगवंतरावांनी मान वळवली. त्यांनी फरशीवरच्या पावलांकडे पाहिलं. ती जिथून निघाली होती त्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे पोचली होती त्या कपाटाकडे पाहिलं. मग सुनेकडे. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मिशीखाली काही हललं, पण ते हसू होतं की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

"हो," ते म्हणाले. "मलेबी मघापासून तेच वाटून राह्यलं होतं. दोन्हीकडचा हाये."

त्यांनी मशीन बंद केली. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

"अवो, पण डोक्सं फिरलं त गाडीत?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कोन पाहीन तुमाले?"

"गार्डाच्या डब्यात कोन पाहत होतं?"

"तवा जवान होते."

"नत्थुजी हाये तिथं. त्याच्या दुकानातच बसतो. फोन करतो पोचलो का." ते उठले. शाल टेबलावर पसरली. "रागिणी, वायरी सोड इकडच्या."

तिने मशीनच्या मागच्या वायरी सोडल्या. दोघांनी मिळून मशीन शालीवर ठेवली. गाठ मारताना त्यांची बोटं धांदल करत होती. शाळा सुटायच्या वेळी पोरं दप्तर भरतात तशी. वच्छलाबाई गोळ्यांची पुडी आणायला आत गेल्या.

"स्पीकरमांगं आता हात लावू नको," भगवंतराव गाठीकडे पाहत म्हणाले. "हाये तसं राहू दे."

"बरं," रागिणी म्हणाली. मग तिने विचारलं, "अन् तुमी?"

"मीबी नाही लावत."

एवढंच बोलणं झालं. चार वर्षांत त्या दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. नोकरीचं तिने काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. लॅबवाल्यांनी हो म्हटलं तर पुन्हा ह्याच खुर्चीसमोर उभं राहावं लागणार होतं, पदर सावरून, आणि तेव्हा हा माणूस पेपर खाली घेईल की नाही, हे तिला आत्ताही सांगता आलं नसतं.

रिक्षा फाटकाशी आली. भगवंतराव मशीन मांडीवर घेऊन बसले. वच्छलाबाईंनी गोळ्या त्यांच्या खिशात घातल्या, पाण्याची बाटली दिली, जेवायची वेळ सांगितली, पुलाच्या पायऱ्या चढू नका, लिफ्टनं जा, खिडकीशी बसू नका, ऊन लागते, असं सगळं सांगून झालं. ते मान हलवत होते आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहत होते. शालीचं एक टोक बाहेर लोंबत होतं. रागिणीने वाकून ते आत खोचलं.

"सातच्या आत येत नाही मी," भगवंतराव म्हणाले.

"काहून?" वच्छलाबाई म्हणाल्या. "दरखेपी पाचाले त घरी राह्यता."

ते बायकोशी बोलत होते, पण पाहत होते खोचलेल्या टोकाकडे, रागिणीच्या हाताकडे.

"दोन्हीकडचं काम हाये," ते म्हणाले. "वेळ लागते."

रिक्षा स्टेशनाकडे वळली. रागिणी आत गेली आणि साडीला इस्त्री करायला घेतली.